दगडफुलाची कड

गोड्या मसाल्याचे जिन्नस ओट्यावर मांडले की वनस्पतिशास्त्राचा एक छोटा धडाच मांडून होतो. धने-जिरे ही फळे, तीळ ही बी, दालचिनी ही साल, तमालपत्र हे पान, लवंग ही न उमललेली कळी, हिंग हा मुळातून निघालेला चीक. या सगळ्यांत दगडफूल तेवढे वर्गाबाहेरचे. काळपट-करडे, सुरकुतलेले, मूठभर घेतले तरी वजनात न भरणारे हे प्रकरण कुठल्याही झाडाचा कुठलाही अवयव नाही. मुळात ती वनस्पतीच नाही. ते एक कवक आहे, आणि त्या कवकाच्या पोटात एक हिरवे शैवल राहते. शास्त्रीय मराठीत या संसाराला शैवाक म्हणतात. बाजारच्या पुडीत रुंद पाळ्यांचे, पानासारखे पसरट तुकडे निघतात, त्यांतले बरेचसे पार्मोट्रेमा या एका प्रजातीतले असतात. या प्रजातीत आज जगभरच्या सुमारे ३०० जाती मोडतात. उष्ण आणि दमट प्रदेश हे तिचे माहेर, आणि आपला पश्चिम घाट त्या माहेरातच येतो.

रसग्रहण कवितेचे करतात; शैवाकाचे कशाला, असे कोणी विचारील. पण पार्मोट्रेमा ही पहिल्या वाचनात काहीच हाती न देणारी रचना आहे. वरवर पाहिले तर खोडावरचा एक करडा डाग. दुसऱ्या वाचनात ती थोडी बोलते, आणि तिसऱ्यांदा उलटी करून पाहिली की तिने पहिल्यापासून काय लपवले होते ते कळते. वाचायचे कुठून, हे मात्र ठरवावे लागते. बहुतेक जण शैवाक मधोमध पाहतात, कारण डोळा आपोआप मध्यावर जातो. मी कडेपासून सुरुवात करण्याच्या मताचा आहे. या प्रजातीचा सगळा जीव तिच्या कडेत आहे.

तरी मुखपृष्ठ टाळून चालणार नाही. वाळलेला तुकडा करडा असतो. पाण्यात टाकला की मिनिटा-दोन मिनिटांत त्यावर हिरवट झाक चढते. हा रंग नवा नव्हे, तो आत होताच. वरची साल म्हणजे कवकाच्या तंतूंचा घट्ट विणलेला थर. त्यात ॲट्रानोरिन नावाच्या रंगहीन द्रव्याचे स्फटिक असतात, आणि कोरडेपणी या थरातून आतले दिसत नाही. पाणी मुरले की साल पारदर्शक होते आणि खालचे ट्रेबूक्सिया हे शैवल डोळ्यांना दिसू लागते. त्याखाली पांढऱ्या, सैल तंतूंचा गाभा, आणि सर्वांत खाली काळी साल. एवढे चार मजले अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी जाडीत बसवलेले.

या घराला पाण्याचा नळ नाही. मुळे नाहीत, पानाला असतात तशी उघडझाप करणारी छिद्रे नाहीत, पाणी धरून ठेवणारे मेणाचे आवरणही नाही. बाहेरची हवा ओली तर हे ओले, बाहेर कोरडे तर हे कोरडे. महाबळेश्वरच्या हिरड्या-जांभळांच्या खोडांवर एप्रिल-मेमध्ये पार्मोट्रेमा बोटाने चुरगाळता येईल इतके वाळलेले असते, तरी ते मेलेले नसते, थांबलेले असते. हिरवे शैवल असलेल्या शैवाकांची एक खासियत अशी की जागे व्हायला त्यांना पाण्याचा थेंबही लागत नाही, दमट हवा पुरते. पहाटेचे धुके खोडावरून सरकते तेवढ्यात प्रकाशसंश्लेषण सुरू होते आणि ऊन चढले की बंद पडते. ओले असताना अंधार असेल तर नुसता श्वासोच्छ्वास चालतो, म्हणजे साठवणीतला खर्च. वर्षभराच्या अशा जमाखर्चातून जे उरते त्यावर पाळी काही मिलिमीटर पुढे सरकते. तळहाताएवढे पार्मोट्रेमा कित्येक पावसाळे पाहून झालेले असते, हे त्यावरून लक्षात यावे.

आता तुकडा उलटा करा. खालची बाजू काळी, आणि मध्याकडे त्या काळ्या सालीतून बारीक काळे तंतू निघालेले. खोडाला धरून ठेवणे हे त्यांचे काम. हे तंतू कडेपर्यंत जात नाहीत. कडेशी एक पट्टी उरते. ती तपकिरी, गुळगुळीत, किंचित चकाकणारी आणि पूर्ण उघडी असते. चांगल्या वाढलेल्या पाळीत ती सेंटिमीटरभर रुंदही भरते. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतले मेसन हेल यांनी या पट्टीकडे आयुष्यभर पाहिले असे म्हटले तरी चालेल. पूर्वी ही सारी मंडळी पार्मेलिया या अवाढव्य प्रजातीत कोंबलेली होती. पार्मेलिया ही प्रजाती लिनियसचे विद्यार्थी एरिक अकारियस यांनी १८०३ मध्ये उभी केली, आणि पुढच्या दीडशे वर्षांत जे पसरट आणि पाळ्यांचे दिसेल ते तिच्यात ढकलले गेले. हेल यांनी १९६५ मध्ये पार्मेलियाच्या ज्या उपप्रजातीवर मोठा प्रबंध लिहिला, तिची ओळखीची खूणच मुळी रुंद पाळी आणि खालची ही उघडी कड होती. पुढे १९७४ मध्ये त्यांनी तिला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा दिला आणि त्यासाठी एक विसरलेले नाव वर काढले. व्हेरोनाचे आब्रामो मासालोंगो यांनी १८६० मध्ये पार्मोट्रेमा हे नाव दिले होते आणि त्याच वर्षी, छत्तिसाव्या वर्षी, ते वारले. नाव शंभराहून अधिक वर्षे पडून राहिले.

कड उघडी का? कारण ती नवी आहे. पार्मोट्रेमा मध्यातून वाढत नाही, वाढते ते पाळीच्या टोकाशी. टोक पुढे सरकते, मागचा भाग जुना होतो आणि मग त्याला पकडतंतू फुटतात. म्हणजे ज्या पट्टीला अजून तंतू फुटलेले नाहीत ती या शैवाकाची अलीकडची वर्षे. तिथून मध्याकडे बोट सरकवत गेले की आपण मागच्या वर्षांत जातो. मध्य कधी कधी इतका जुना होतो की तो कुजून गळून पडतो आणि खोडावर नुसते कडे उरते, बाहेरच्या बाजूने वाढत राहणारे. आपण झाडाचे वय मध्यापासून मोजतो, इथे मध्यच नाहीसा होतो. शिवाय पट्टीला पकड नसल्यामुळे कड खोडापासून सुटून वर उचललेली असते. त्या खालच्या सांदीत कोळीवर्गातले बारीक माइट आणि इतर इवले किडे आसरा घेतात.

कडेवर आणखी काय काय घडते ते भिंगाने पाहावे. काही जातींच्या पाळ्यांना काळे केस असतात, सरळ बाहेर निघालेले. क्रिनिटमला ते लांब आणि भरपूर, पर्लेटमला तुरळक आणि आखूड, टिंक्टोरमला अजिबात नाहीत. मसाल्याच्या दृष्टीने पर्लेटम ही घरची जात. तिची पाळी टोकाशी ओठासारखी वर वळते आणि त्या वळलेल्या ओठावर मैदा भुरभुरावा तशी पांढुरकी पूड असते. हे सोरेडिया. पुडीचा एकेक कण म्हणजे शैवलाच्या दोन-चार पेशी आणि त्यांना वेढून बसलेले कवकाचे धागे. वारा, पाऊस किंवा एखाद्या किड्याचे पाय तो कण उचलतात आणि नव्या खोडावर नेतात. कवक आणि शैवल दोघेही एकत्रच निघतात, त्यामुळे नव्या जागी कोणाला कोणाला शोधावे लागत नाही. पूड कडेलाच का, याचेही उत्तर रचनेत आहे: उचललेल्या ओठावर वाऱ्याला हात घालायला जागा असते. एखाद्या कवीने ओळीचा शेवटचा शब्द असा ठेवावा की पुढची ओळ त्यातूनच निघावी, ही युक्ती मला इथे दिसते.

टिंक्टोरमला कडेची एवढी पर्वा नाही, हेही सांगितले पाहिजे. ती वरच्या पृष्ठभागावर, विशेषतः मध्याकडे, बारीक बोटांसारखे उंचवटे काढते. त्यांना आयसिडिया म्हणतात. त्यांवर साल शाबूत असते, आत शैवल असते आणि ती मोडून पडली की त्यांतून नवे शैवाक उगवते. जड ऐवज, जवळचा प्रवास. तिसरा मार्ग फळवाट्यांचा. पेल्यासारख्या तपकिरी वाट्या, त्यांत कवकाचे बीजाणू. या प्रजातीच्या अनेक जातींत वाटीच्या तळालाच भोक असते, आणि प्रजातीच्या नावातही ते आले आहे. वाटीतले बीजाणू एकट्या कवकाचे असतात. ते हलके असल्याने लांबवर जातात, पण पोचल्यावर रिकाम्या हाताने शैवल शोधावे लागते. काही जाती या दोन मार्गांवरून जोडीजोडीने ओळखल्या जातात: बाकी सारे सारखे, पण एक वाटीवाली, दुसरी पूडवाली. परफोरॅटम आणि हायपोट्रोपम ही अशीच एक जोडी. त्या खरोखर दोन जाती मानाव्या की एकाच जातीच्या दोन रीती, यावर शैवाकशास्त्रज्ञांत बराच वाद झाला आहे, आणि मला तो साहित्यातल्या कर्तृत्वाच्या वादांपेक्षा जास्त रंगतदार वाटतो.

कर्तृत्वाचा खरा वाद मात्र त्याहून मोठा आहे. ही रचना कोणाची? १८६७ मध्ये स्वित्झर्लंडचे सिमॉन श्वेंडेनर यांनी मांडले की शैवाक हा एक जीव नसून दोन जीवांचा समुदाय आहे, आणि त्यात कवक धनी तर शैवल गुलाम. शैवाकांच्या अभ्यासात आयुष्य घातलेल्यांना हे मानवेना. ब्रिटनचे जेम्स क्रॉम्बी, पेशाने धर्मगुरू, यांनी १८७४ मध्ये या कल्पनेची भरपूर टर उडवली. बंदिवान मुलगी आणि जुलमी धनी यांचे लग्न लावून दिल्याचा ठपका त्यांनी श्वेंडेनरवर ठेवला. पॅरिसमध्ये राहणारे फिनलंडचे विल्यम नायलँडर हे त्या काळचे शैवाकांचे सर्वांत मोठे जाणकार. १८९९ मध्ये मरेपर्यंत त्यांनी ही कल्पना स्वीकारली नाही. श्वेंडेनर बरोबर होते, पण त्यांच्या धनी-गुलाम या भाषेत त्या शतकाचाच सूर आहे. आज आपल्याला व्यवहार बराच माहीत आहे: ट्रेबूक्सिया प्रकाशातून रिबिटॉल नावाचे शर्करा-अल्कोहोल बनवते, कवक ते घेऊन मॅनिटॉलमध्ये बदलते आणि साठवते, बदल्यात शैवलाला छप्पर, ओल आणि प्रखर उन्हापासून आडोसा मिळतो. शोषण म्हणावे तर आहे. पण शैवाकांतले ट्रेबूक्सिया बाहेर मोकळे क्वचितच आढळते, म्हणून आश्रय म्हणावे तर तेही आहे.

२०१६ मध्ये या दोघांच्या संसारात तिसरे कोणी निघाले. टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी सायन्स या नियतकालिकात दाखवले की काही शैवाकांच्या सालीत यीस्टसारखे एक वेगळ्याच गटातले कवक आहे. सुरुवात झाली ती पार्मोट्रेमाच्याच कुळातल्या, पण केसाळ बांध्याच्या ब्रायोरिया या प्रजातीपासून. तिच्या दोन जाती मुख्य कवक आणि शैवल यांच्या दृष्टीने सारख्याच, तरी एक तपकिरी आणि दुसरी पिवळी, विषारी आम्लाने भरलेली. फरक या तिसऱ्याच्या प्रमाणात दिसला. नंतरच्या तपासण्यांत हे यीस्ट सगळ्याच शैवाकांत नियमाने सापडले नाही, म्हणून तिसऱ्याला लगेच सहलेखकाचा मान देण्याची घाई मी करणार नाही. पण दीडशे वर्षे भिंगाखाली असलेल्या गोष्टीत एक अख्खा पाहुणा कोणालाच दिसला नव्हता, ही गोष्ट शैवाकवाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

नायलँडरना मी वर हट्टी ठरवले. आता त्यांचे ऋण मानायची पाळी आहे. १८६६ हे त्यांचे वर्ष. शैवाकावर रसायनाचा थेंब टाकून रंग पाहायचा आणि त्यावरून जात ओळखायची, ही रीत त्यांनी त्या वर्षी रूढ केली. कॉस्टिक पोटॅश आणि विरंजक चुना एवढ्यावर काम चालते. पद्धत अशी: पात्याने वरची साल हलकेच खरवडायची, पांढरा गाभा उघडा पडला की त्यावर थेंब सोडायचा. टिंक्टोरमच्या गाभ्यावर विरंजकाचा थेंब पडताच लालभडक रंग फुटतो, कारण तिथे लेकॅनोरिक आम्ल असते. जुन्या रंगाऱ्यांना या आम्लाची जांभळी बाजू माहीत होती. अशी शैवाके अमोनियात मुरवली की रेशीम-लोकर रंगवण्याजोगा जांभळा रंग मिळतो. पर्लेटमवर विरंजक मुकाट राहतो, पोटॅश पिवळा रंग देतो. रेटिक्युलॅटमवर पोटॅशचा थेंब आधी पिवळा पडतो आणि बघता बघता तांबडा होतो. डोळ्यांना तिघीही करड्याच. काव्यशास्त्रातल्या व्यंजनेला प्रात्यक्षिक लागले तर ते हेच द्यावे: अर्थ शब्दांत असतो, पण योग्य जागी घाव घातल्याशिवाय तो बाहेर पडत नाही. (घरातल्या ब्लीचने हे करून पाहता येते. मात्र ज्यावर थेंब टाकला तो तुकडा मसाल्यात परत टाकू नये.)

स्वयंपाकघरात हाच घाव उष्णतेचा असतो. कच्चे दगडफूल हुंगले तर माती आणि जुन्या लाकडाचा पुसट वास येतो, एवढेच. थोड्या तेलात परतले की ते काळे पडते, कुरकुरीत होते आणि खोल, धुरकट गंध सुटतो. एकट्याने तो चांगला लागत नाही, इतरांत मिसळला की मात्र मसाल्याला तळ देतो. पुण्याच्या गोड्या मसाल्यात, विदर्भाच्या सावजी रश्श्यात, तमिळनाडूच्या चेट्टिनाड पाककृतींत त्याचे काम हेच. अत्तरवाल्यांनाही त्याची किंमत ठाऊक आहे. कनौजच्या हिना अत्तरात छडीला म्हणून जे घालतात ते शैवाकच. १९१७ मध्ये फ्रान्स्वा कोती यांनी काढलेल्या शीप्र या सुगंधाचा तळही ओकवरच्या एका शैवाकाने भरला होता, आणि ते पार्मोट्रेमाच्याच कुळातले.

आपल्या पुडीतला माल मात्र बहुतेक वेळा सह्याद्रीचा नसतो. तो उत्तराखंड-हिमाचलच्या जंगलांतून, बांज ओकच्या फांद्यांवरून येतो. तिकडे त्याला झूला म्हणतात आणि रामनगरच्या मंडीत त्याचा मोठा व्यापार चालतो. पार्मोट्रेमाबरोबर त्यात हायपोट्रकायना, रॅमॅलिना, दाढीसारखा उस्निया अशा इतर प्रजातीही मिसळलेल्या निघतात. दगडफुलाची शेती होत नाही. जे येते ते खरवडलेले असते. काही मिलिमीटरच्या वेगाने वाढणाऱ्या गोष्टीची पोती भरणे हा हिशेब बसणारा नाही, आणि या व्यापाराविषयी कौतुकाने लिहावे असे मला वाटत नाही.

१८६६ मध्येच नायलँडर यांनी दुसरेही काम केले. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या झाडांवरची शैवाके त्यांनी नोंदवली आणि म्हटले की शहराच्या इतर भागांतून ती नाहीशी होत आहेत, ती हवेमुळे. तीस वर्षांनी त्याच बागेतूनही ती गेल्याचे त्यांनी पाहिले. कारण वर येऊन गेलेच आहे: ज्याला बंद करायला दारच नाही ते हवेतले सगळे आत घेते. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड शैवलाला आधी मारतो. १९७० मध्ये डेव्हिड हॉक्सवर्थ आणि फ्रान्सिस रोझ यांनी इंग्लंड-वेल्ससाठी शैवाकांवरून हवा मोजायची दहा पायऱ्यांची पट्टी केली. तिच्यात पर्लेटम आणि रेटिक्युलॅटम येतात ते स्वच्छ हवेच्या टोकाजवळ. आपल्याकडे पट्टी नसली तरी वाचन सुरू झाले ते पुण्यात. आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शैवाकांचे काम उभे केले, पटवर्धन आणि ए. व्ही. प्रभू यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या पार्मेलियांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि संस्थेच्या अजरेकर कवकसंग्रहात हजारो वाळवलेले नमुने लखोट्यांत ठेवलेले आहेत. लखनौचे धरणीधर अवस्थी यांना भारतीय शैवाकशास्त्राचे जनक मानतात. त्यांच्यानंतर हा विषय देशात रुजला, पण घाटाची बाजू पुण्याने सांभाळली.

शैवाके उपयोगात आणणाऱ्या पक्ष्यांची नोंदही करावी. छोटा निखार आपले वाटीएवढे घरटे कोळ्याच्या जाळ्याने बांधतो आणि बाहेरून सालीचे व शैवाकाचे तुकडे चिकटवतो. फांदीवर ते गाठीसारखे दिसते.

शेवटी माझ्याच वाचनाला छेद देणाऱ्या जातीकडे यायला हवे. रेटिक्युलॅटमच्या पाठीवर बारीक पांढऱ्या रेषांची जाळी असते, आणि तिथेच पुढे साल तडकते. तिची खालची बाजू पाहिली की मी इतका वेळ जिची वकिली केली ती उघडी पट्टी सापडत नाही. तंतू कडेपर्यंत पोचलेले असतात, किंवा पट्टी अगदीच अरुंद राहते. हेल यांच्याही नजरेतून हे सुटले नव्हते. १९९० मध्ये त्यांनी ए. फ्लेचर यांच्याबरोबर अशा जाती बाजूला काढून त्यांची रिमेलिया ही नवी प्रजाती केली. जाळी आणि कडेपर्यंतचे तंतू, दोन खुणा एकत्र. युक्तिवाद पक्का होता. मग २००५ मध्ये डीएनएच्या आधारे वंशावळ मांडली गेली तेव्हा रिमेलिया पार्मोट्रेमाच्या आतच निघाली, आणि तिला परत घरात घ्यावे लागले. त्यामुळे आज उघड्या कडेची ही प्रजाती ज्या जातींना कड उघडी नाही अशांनाही पोटात घेऊन आहे. त्यांना ओळखायला पाळीची रुंदी पाहावी लागते, केस पाहावे लागतात, पोटॅशचा थेंब टाकावा लागतो; आणि घाटात फिरणाऱ्याला पार्मोट्रेमाच्या ज्या जाती सहज भेटतात, त्यांत रेटिक्युलॅटम आहेच.